कौलाची पट्टी

गोव्यात पोस्टिंग मिळालं, आणि पहिल्याच आठवड्यात मी एका सुभेदारसाहेबांचा चांगला गुडघा तपासला.

साहेब एम. आय. रूममध्ये, म्हणजे तपासणीच्या खोलीत, आले, स्टुलावर बसले आणि त्यांनी डाव्या पायाची पॅन्ट वर केली. मी खाली बसलो. गुडघा गरम लागतो का पाहिलं. वाटी हलवली. पाय वाकवला, सरळ केला, आत काही करकरतं का म्हणून कान लावला. सगळं शिकवल्याप्रमाणे. मग उठून ऐटीत म्हणालो, "साहब, घुटना फर्स्ट क्लास है."

"मालूम है," साहेब म्हणाले. "दर्द दूसरे में है. इधर मच्छर काटा था."

मागं कॅप्टन नेगी उभे होते. ते आमचे मेडिकल ऑफिसर, गढवालकडचे, वयानं माझ्याहून लहान. ते हसले नाहीत. नुसतं म्हणाले, "हवालदार परब, पहले पूछो. फिर देखो. फिर छुओ. फिर हिलाओ." नंतरचे पंधरा दिवस आमचा ॲम्ब्युलन्स ड्रायव्हर, निपाणीकडचा नायक जाधव, मला चहा देतानासुद्धा विचारायचा, "परब, कुठल्या हातात देऊ? दुखतोय त्या की दुसऱ्या?"

लोकांना वाटतं, फौजी म्हणजे बंदूक. मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. माझ्या हातात बंदुकीपेक्षा बेडपॅन जास्त वेळ राहिलं. मूळचा पेडण्यातल्या कोरगावचा. नोकरीची बरीच वर्षं थंडीत आणि वाळूत काढल्यावर गोव्यातल्या एका लहान मिलिटरी हॉस्पिटलात बदली झाली. गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी. भाषेच्या भांडणातून माणसं नुकतीच बाहेर पडत होती. आमच्या घरीही दोन पक्ष होते. मी मराठीचा, आणि बायको, फोंड्याची असल्यामुळे आरतीपुरती मराठीची आणि बाकी कोंकणीची. भांडण मात्र आम्ही दोघं कोंकणीतच करायचो, कारण त्यात मला उत्तर कमी सुचतं.

रोजचं काम ठरलेलं. सकाळी सिक रिपोर्ट. पी. टी. करून आलेली पोरं रांगेत उभी. मुरगळलेले घोटे, धरलेल्या पाठी, आखडलेले खांदे. नव्या बुटांनी नडगीचं हाड बारीक चिरलेलं असतं, ते एक्स-रेत लवकर दिसत नाही, पण बोटानं दाबलं की पोरगा स्टुलावरून उठतो. सांधा सुजलाय की स्नायू, हे पाहायचं. दुखणं सकाळी जास्त की चालल्यावर, हे विचारायचं. दोन्ही हातपाय नेहमी उघडे करायचे, चांगला आणि दुखरा शेजारी शेजारी ठेवून बघायचा. परेड चुकवायला आलेला हमखास दोन वेळा दोन वेगळ्या जागी दुखतं म्हणतो. आणि ज्याला खरंच दुखतं तो कमी बोलतो. हे मला कुणी शिकवलं नाही, रांगेनं शिकवलं.

काजूच्या दिवसांतली गोष्ट. दुपारी जेवणाच्या सुमारास एक माणूस गेटवर आला. अंगावर तांबडी धूळ. डिचोलीच्या खाणपट्ट्यातल्या गावातून बस बदलत आलेला. हातात भावाचं लीव्ह सर्टिफिकेट. भाऊ म्हणजे लान्स नायक गुरुदास गावस, इन्फन्ट्रीतला, रजेवर घरी आलेला. फौजेचा नियम असा की रजेवर माणूस आजारी पडला तर जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलला कळवायचं. म्हणून तो आला होता.

"रजा वाडोवन मेळटली?" त्यानं विचारलं.

"कित्याक?"

"भाव पडलो. काजूच्या भाटांत. काल सांजे. पांय मोडलो. वैदान बांदलो, आयज सकाळीं."

जाधव मागून म्हणाला, "उर्राक घेतली असणार, काजूची दारू."

"घेना तो," भाऊ म्हणाला. त्याला राग आला नाही. म्हणजे त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. मी विचारलं, "ठणकता?"

"खूब. बांदल्यासावन बोबो मारता."

"आणि बोटं? पायाची बोटं कशी आहेत?"

त्यानं जरा आठवलं. "काळीं-निळीं."

मोडलेलं हाड नीट बांधलं की दुखणं कमी व्हायला पाहिजे. बांधल्यावर वाढत असेल तर ते हाडाचं दुखणं नाही. मी त्याला तिथंच बसवून कॅप्टनसाहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. साहेबांनी हातातला चमचा खाली ठेवला.

"तू जा. भाषा तुला येते. सर्जनसाहेबांना मी थांबवतो. तिथून फोन कर."

जाधवनं गाडी काढली. भाऊ पुढं बसला, रस्ता दाखवायला. समोरून खनिजाचे ट्रक एकामागे एक येत होते. जाधव निपाणीच्या शिव्या देत होता, आणि दर शिवीनंतर शेजारच्या परक्या माणसाला "तुम्हाला नाही हां" म्हणत होता.

घर रस्त्यापासून थोडं आत. अंगणात तुळस, ओटीवर खाट. खाटेवर गुरुदास. सावळा, रुंद खांद्यांचा, विशी ओलांडून चार-पाच वर्षं झालेला. डावा पाय उशा आणि गोणपाटावर उंच ठेवलेला. घोट्याच्या वरपासून गुडघ्याखालपर्यंत बांबूच्या पट्ट्या, त्यावर कापड आवळून बांधलेलं, कडेनं पाल्याच्या लेपाचा हिरवा रस सुकलेला. फौजी असल्यामुळे त्यानं मला बघून उठायचा प्रयत्न केला.

"पडून राहा."

"हवालदारसाहेब, इतकं काही नाही," तो म्हणाला. कपाळावर घाम होता आणि ओठ दातांनी फुटलेला.

मी आधी विचारलं. मग पाहिलं. चांगला पाय आणि बांधलेला पाय शेजारी शेजारी घेतले. बोटं फुगलेली, थंड. नख दाबून सोडलं, तर रंग परत यायला उशीर. पट्टीच्या फटीतून दोन बोटं आत घातली, पोटरी दगडासारखी. पावलाच्या वरच्या बाजूला नाडी शोधली. लागली. बारीक, पण लागली. मग अंगठा धरून हलकेच खाली वाकवला.

त्यानं तोंड उशीत घातलं आणि ओरडला. इतकं काही नाही म्हणणारा माणूस.

"अंगठा वर उचल."

त्यानं उजव्या पायाचा अंगठा उचलला. "हा नाही, तो." डाव्याचा हलला नाही. तो अंगठ्याकडे असा बघत राहिला, जणू दुसऱ्या कुणाचा आहे.

मी कात्री काढली. तेव्हा त्याची आई मध्ये आली. बुटकी बाई, केस पांढरे, आवाज शांत.

"पट्टी सोडूंक जायना, बाबा. कौल घेतला. पांच दीस. वैद सोडटलो, आनीक कोण ना."

हे माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. आमच्याकडे देवाच्या अंगावर ओल्या कळ्या लावतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ह्या घरानं पहाटे देवाला विचारलं होतं, वैदाकडून बांधून घेऊ का? उजवी पडली. पाच दिवस तशीच ठेवू का? उजवी पडली. मग वैदानं बांधली आणि तो सत्तरी तालुक्यात कुणाकडे तरी गेला. नवा कौल उद्या सकाळीच लागणार. दुपारी देवाला कुणी उठवत नाही.

हसायला मला तोंड नव्हतं. मी भरतीला गेलो तोही कौल घेऊनच. पहिल्यांदा डावी पडली होती, म्हणून वडिलांनी परत विचारलं होतं.

"गुरुदास," मी म्हटलं, "तू बोल."

"आई सांगेल तसं, हवालदारसाहेब."

खाणीच्या ऑफिसात फोन होता. मी चालत गेलो नाही, धावलो. चाळिशीतलं माझं धावणं बघून दोन ट्रक ड्रायव्हर थांबले.

"सर, हवालदार परब."

"बोल."

"डावा पाय. पोटरी कडक. अंगठा ताणला की ओरडतो. अंगठा उचलता येत नाही."

"स्पर्श?"

"अजून पाहिला नाही, सर."

"पल्स?"

"लागते. बारीक."

"पल्सवर भरवसा ठेवू नको. पल्स शेवटपर्यंत लागते. पट्टी सोड. आत्ता. वरपासून खालपर्यंत, कातडीपर्यंत. पाय उंच ठेवायचा नाही, छातीच्या लेव्हलला. पोटात काही द्यायचं नाही."

"सर, घरचे सोडू देत नाहीत. देवाला विचारून बांधलीय."

लाइनवर थोडा वेळ खरखर झाली. मला वाटलं, आता शिवी येणार.

"आमच्याकडेही देवतेला विचारतात, परब," साहेब म्हणाले. "पण आत रक्त कोंडलंय. आज संध्याकाळपर्यंत असंच राहिलं तर सर्जन पाय वाचवणार नाही, काढेल. हे आईला सांग. जसं आहे तसं. आउट."

फोनवर आउट म्हणायची गरज नसते. साहेबांना वायरलेसची सवय होती.

परत आलो. सांगायचं कसं, ते वाटेत ठरवत होतो आणि काही ठरलं नव्हतं. बोलण्यात मी कच्चा. म्हणून बोललोच नाही. खाली बसलो आणि म्हटलं, "आई, हात दी."

तिचा हात धरून आधी त्याच्या उजव्या पावलावर ठेवला. मग डाव्यावर. तिनं हात काढून घेतला, परत ठेवला. परत उजव्यावर.

"थंड," ती म्हणाली.

"गुरुदास, डोळे मीट. आई तुझ्या पायाला बोट लावेल. लागलं की सांग."

उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या खाचेत तिनं बोट टेकवलं. "लागलं," तो लगेच म्हणाला. मग डाव्या पायाच्या त्याच जागी. तो गप्प. तिनं बोट जरा दाबलं. नंतर नख लावलं. नखाची खूण मला दिसत होती.

"लाव आता," गुरुदास डोळे मिटून म्हणाला. "कधीपासून थांबलोय."

आईनं बोट तसंच ठेवलं. माझ्याकडे पाहिलं.

"आज संध्याकाळपर्यंत पट्टी राहिली तर पाय काढावा लागेल," मी म्हटलं. "पट्टी सोडली तरी राहीलच, असं मी सांगत नाही."

ती उठली. अंगणात तुळशीपाशी गेली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि हात जोडून उभी राहिली. मोठ्यानं बोलली, आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असं. "देवा, कौल तुजो. मोडटां हांव. दोष म्हजेर घाल, म्हज्या पुतार घालूं नाका."

मग परत येऊन पहिली गाठ तिनं स्वतः सोडली. घट्ट होती, दातांनी ओढली. गाठ सुटल्यावर म्हणाली, "आतां तूं काप."

मी कापलं. पट्ट्या बाजूला झाल्यावर पोटरी फुगून बाहेर आली, तकतकीत, लेपाच्या रेषा उमटलेली. पायाखालच्या उशा काढल्या. गुरुदासनं लांब श्वास सोडला, पण दुखणं पूर्ण गेलं नाही. ते जायला हवं होतं. म्हणजे अजून काम बाकी होतं.

गाडीत त्याचा पाय मी मांडीवर घेऊन बसलो, ना वर, ना खाली. खाणीच्या रस्त्याचे खड्डे मी ढुंगणावर झेलले आणि त्याच्यापर्यंत कमी जाऊ दिले. माझ्या देहयष्टीचा फौजेला झालेला हा एकमेव उपयोग. जाधव शिव्या न देता चालवत होता, त्यावरून मला कळलं की तो घाबरलाय.

"पाय राहील?" गुरुदासनं विचारलं.

"माहीत नाही."

"कंपनीची फुटबॉल टीम आहे. मी लेफ्ट आउट खेळतो."

"मग राहायला हवा," मी म्हटलं. ह्याहून शहाणं काही सुचलं नाही.

सर्जन मेजरसाहेब तयार होते. त्यांनी पोटरीला दोन्ही बाजूंनी लांब चिरा दिल्या. आतला स्नायू अजून लाल होता. चिमट्यानं धरला तर आकसला. साहेबांनी मान डोलावली. ओ. टी.मध्ये तेवढंच झालं. बाहेर आई आणि भाऊ जमिनीवर बसले होते. मी जाऊन सांगितलं, "पाय आहे."

आई म्हणाली, "देव आसा." मग जाधवनं आणलेल्या उंड्यांतला, म्हणजे इथल्या कडक पावांतला, एक तिनं खाल्ला. दिवसभरातलं तिचं पहिलं खाणं ते.

पुढं बरेच महिने तो माझ्या ताब्यात होता. जखमा भरल्या, हाड जुळलं. मग घोटा किती वाकतो, पोटरीचा घेर किती, अंगठा किती जोरानं वर ढकलतो, हे मी रोज पाहायचो. माझ्या तळव्याला तो अंगठ्यानं ढकलायचा आणि मी म्हणायचो, "मुंगी चावली का रे?" एक दिवस त्यानं असा ढकलला की मी स्टुलासकट मागं गेलो. वॉर्डमध्ये सगळे हसले. सिस्टरसुद्धा. त्याला बदलून हलकं काम मिळालं असतं, डेपोत किंवा ऑफिसात. त्याला ते नको होतं. शेवटी मेडिकल बोर्ड बसला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "पॉवर?" मी म्हटलं, "फुल, सर." ते खरं होतं. बोर्डानं त्याला शेप वन दिलं, म्हणजे कुठल्याही ड्युटीला, कुठल्याही उंचीवर फिट. जाताना त्यानं मला सलाम केला आणि जाधवला बुटाच्या टोकानं हलकेच एक लाथ मारली, डाव्या पायानं. आई दर मोसमात काजूची पिशवी पाठवायची. बायको त्यातले निम्मे फोंड्याला माहेरी पाठवायची. ती वेगळी गोष्ट.

दोन हिवाळे गेले. मग युनिटकडून कळलं. उत्तरेतल्या एका चौकीवरून दुसऱ्या चौकीवर गस्तीची तुकडी जात होती. गुरुदास पुढं होता, वाट काढायला, कारण चालण्यात तो सगळ्यांत भरवशाचा. वरून बर्फ सुटलं. त्याच्यासकट तिघं गेले. अंत्यसंस्कार तिकडेच झाले. घरी अस्थी आल्या आणि त्याची काळी ट्रंक.

मी बायकोला घेऊन गेलो. म्हापशाहून डिचोलीची बस. अंगणात तीच तुळस. आईनं बसायला चटई घातली, चहा केला, कप माझ्यासमोर ठेवला. मी चार घोट घेतले तोच भावानं ट्रंक उघडून दाखवली. ती न बघून चालणार नव्हतं. घडी घातलेले कपडे, फुटबॉलचे मोजे, आणि बुटांचा एक जोड, पॉलिश केलेला.

भाऊ म्हणाला, "तो पांय तेन्ना गेल्लो जाल्यार आयज भाव घरांत आसतलो."

"ओगी राव," आईनं त्याला थांबवलं.

माझी बायको पदराच्या टोकाकडे बघत होती. मग आईनं ट्रंकेतून बूट काढले आणि माझ्या पुढं केले.

"बाबा, तो बरो चलतालो न्हय?"

बूट हातात घेतल्यावर मी जे करतो तेच केलं. उलटे केले. माणूस कसा चालतो हे तळव्यांना त्याच्याहून जास्त माहीत असतं. लंगडणाऱ्याचा एक तळवा कोरा राहतो आणि दुसरा एका कडेनं खाल्लेला असतो. पाऊल उचलता येत नसेल तर पुढचं टोक घासतं. हे दोन्ही बूट सारखे झिजले होते. डाव्याची टाच बाहेरच्या कडेला थोडी जास्त. थोडीच. तेवढी माझीही झिजते.

मी ते तिला बोटानं दाखवलं. टाच, टोक, कड. "बरा चालत होता," मी म्हटलं. "सरळ. दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन."

तिनं दोन्ही तळव्यांवरून हात फिरवला. मग बूट परत ट्रंकेत ठेवले, डावा डाव्या बाजूला, उजवा उजव्या. झाकण लावलं. आम्ही उठलो. तिनं बायकोच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ती फाटकापर्यंत सोडायला आली.

लान्स नायक गुरुदास गावस. लेफ्ट आउट. त्याच्या बरोबरच्या दोघांची नावं मला युनिटनं कळवली होती, पण त्यांचे पाय मी कधी पाहिले नाहीत. त्यांच्या घरी कुणीतरी गेलं असेल, एवढंच म्हणू शकतो.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. बायकोला जागा मिळाली, मी दांड्याला धरून उभा. हळूहळू बस पार रिकामी झाली. मग मी शेजारी बसलो, तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाली,

"तिणें केल्लो च्या तुमी अर्दो सोडलो. सगळो पियेवंक जाय आसलो."